व्यवहारातील इंग्रजी : चार माणसांसमोर उभे राहताना

मागील अंकात आपण इंग्रजी पत्रव्यवहारातील नेहमीची वाक्ये पाहिली. पत्राची एक मोठी सोय असते. लिहिलेले खोडता येते, घरातील जाणत्याला दाखवता येते, रात्री लिहून सकाळी पुन्हा वाचता येते. परंतु चार परक्या माणसांसमोर उभे राहून आपल्या मालाची माहिती द्यायची असते तेव्हा ही सोय उरत नाही. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही आणि न सुचलेला शब्द नंतर सुचून उपयोग नसतो. अशा औपचारिक सादरीकरणासाठी लागणारी इंग्रजी वाक्ये हा या महिन्याचा विषय आहे. तो निवडण्यामागे एक निमित्त घडले. ते आधी सांगतो.

गेल्या हिवाळ्यात सांगलीचे एक हळद-व्यापारी माझ्याकडे आले. वय छप्पन्न. हळदीच्या व्यापारातली त्यांची ही तिसरी पिढी. हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून ते किती वाळले आहे हे सांगणारा माणूस. युरोपातील एका मसाला-कंपनीचे तिघे अधिकारी मुंबईत आले होते व त्यांनी काही व्यापाऱ्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाची वेळ दिली होती. हे गृहस्थ आपल्या पुतण्याला घेऊन गेले. पुतण्या उच्चशिक्षित, इंग्रजी अस्खलित. पडद्यावरील चित्रांसह तो वीस मिनिटे न अडखळता बोलला. त्यानंतर पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारले, “एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालापासून तुम्ही वेगळा कसा ठेवता?” पुतण्या हसून म्हणाला, “येस, येस, नो प्रॉब्लेम.” बाईंनी वहीत काहीतरी टिपले आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

“सर,” ते गृहस्थ मला म्हणाले, “प्रत्येक पोत्यात आम्ही चिठ्ठी घालतो. गाव, शेतकऱ्याचे नाव, माल शिजवल्याची तारीख. माझ्या वडिलांपासूनची पद्धत आहे. पोरगा पेढीवर नवा, त्याला ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. उत्तर अगदी तोंडाशी आले होते. पण वाक्य कुठून सुरू करावे ते कळेना. गप्प बसलो. सौदा गेला त्याचे एवढे नाही. चाळीस वर्षे ज्या मालात घालवली, त्या मालाविषयी मला विचारले आणि मी मुका राहिलो, याचे वाटते.”

वाचकहो, आपल्यापैकी अनेक पेढ्यांवर आज हेच चित्र आहे. माल ओळखणारा एक, इंग्रजी बोलणारा दुसरा. ज्याला भाषा येते तो उभा राहतो आणि ज्याला धंदा येतो तो कोपऱ्यात बसतो. मला असे वाटते की, हा क्रम उलटा करता येतो. सादरीकरणाला लागणारी इंग्रजी ही साहित्याची इंग्रजी नव्हे. तिच्यात पंचवीस-तीस ठराविक वाक्ये असतात आणि जगभरातील व्यापारी सभांत तीच पुनःपुन्हा वापरली जातात. ती पाठ असली की उरते ती मालाची माहिती, आणि ती आपल्याजवळ असतेच.

त्या गृहस्थांबरोबर सहा आठवडे बसून आम्ही जी वाक्ये निवडली, तीच येथे क्रमाने देत आहे. उदाहरणे हळदीची आहेत. आपण आपल्या मालाचे नाव घालावे.

आरंभ

आपल्याकडे ओळख करून देताना “मायसेल्फ अमुक अमुक” असे म्हणण्याची सवय आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या कानाला ते खटकते. साधे “माय नेम इज” किंवा “आय ॲम” म्हणावे.

“गुड मॉर्निंग, एव्हरीवन. थँक यू फॉर युअर टाइम टुडे.” आपण वेळ दिलात, आभारी आहे.

“आय रन अ टर्मरिक बिझनेस इन सांगली. माय फॅमिली हॅज बीन इन धिस ट्रेड फॉर थ्री जनरेशन्स.” माझी सांगलीत हळदीची पेढी आहे, आमचे कुटुंब तीन पिढ्या या व्यापारात आहे. यातील “हॅज बीन” महत्त्वाचे. “इज इन धिस ट्रेड फ्रॉम थ्री जनरेशन्स” हे आपल्या मराठी वाक्याचे शब्दशः रूप झाले. पूर्वी सुरू झाले आणि आजही चालू आहे, हे “हॅज बीन” ने कळते.

“टुडे आय वुड लाइक टू टॉक टू यू अबाउट हाऊ वी सिलेक्ट अँड स्टोअर अवर टर्मरिक.” आज मी आमची हळद कशी निवडतो व साठवतो याविषयी बोलणार आहे. येथे “टॉक अबाउट” बरोबर आहे. परंतु “डिस्कस” या शब्दापुढे “अबाउट” येत नाही. “वी विल डिस्कस द प्राइस” एवढेच पुरे.

“आय विल टेक अबाउट टेन मिनिट्स. प्लीज फील फ्री टू स्टॉप मी इफ यू हॅव अ क्वेश्चन.” मी साधारण दहा मिनिटे घेईन, प्रश्न असल्यास मध्येच विचारावा. मध्ये थांबवलेले नको असेल तर त्याऐवजी “आय विल बी हॅपी टू टेक युअर क्वेश्चन्स ॲट द एंड” असे म्हणावे. नवख्याने हे दुसरे वाक्य निवडावे, म्हणजे मांडणीचा धागा तुटत नाही.

येथे एक सूचना. प्रश्न या अर्थी आपण “डाउट” हा शब्द सर्रास वापरतो. “इफ यू हॅव एनी डाउट” असे म्हटले तर परदेशी पाहुण्याला “तुम्हांला आमच्याविषयी शंका असेल तर” असा अर्थ लागू शकतो. नेहमी “क्वेश्चन” म्हणावे.

आराखडा

आपण बोलणारे असतो तेव्हा पुढे काय येणार हे आपल्याला ठाऊक असते, ऐकणाऱ्याला नसते. त्यातून आपली इंग्रजी त्याच्या कानाला नवी, आणि पुष्कळदा त्याचीही मातृभाषा इंग्रजी नसते. म्हणून वाट आधी सांगून ठेवावी.

“आय हॅव डिव्हायडेड माय टॉक इन्टू थ्री पार्ट्स. फर्स्ट, हाऊ वी बाय. सेकंड, हाऊ वी स्टोअर. अँड फायनली, हाऊ वी शिप.” माझ्या बोलण्याचे तीन भाग आहेत : खरेदी, साठवण आणि रवानगी.

तीनच भाग करावेत. आमच्या गृहस्थांनी प्रथम सात केले होते. हळदीचे पीक, शिजवणे, वाळवणे, पॉलिश, प्रतवारी, साठवण, बाजारभाव, सारे त्यांना सांगायचे होते. मी म्हटले, “गिऱ्हाईक दुकानात आले की आपण सगळी कपाटे उघडतो का? त्याला हवे ते आधी दाखवतो.” ते लगेच समजले व चार भाग त्यांनी स्वतःच खोडले.

एका भागातून दुसऱ्या भागात

नवशिक्याचे बोलणे येथे गोंधळते. एक मुद्दा संपला आणि दुसरा सुरू झाला, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही. त्यासाठी पुढील वाक्ये आहेत.

“दॅट कव्हर्स द बाइंग. लेट मी नाऊ मूव्ह ऑन टू स्टोरेज.” खरेदीविषयी एवढेच, आता साठवणीकडे वळतो.

“धिस ब्रिंग्ज मी टू माय नेक्स्ट पॉइंट.” यावरूनच पुढचा मुद्दा येतो.

“ॲज आय मेन्शन्ड अर्लिअर...” मी आधी म्हटल्याप्रमाणे...

“आय विल कम बॅक टू दॅट इन अ मोमेंट.” त्याकडे मी थोड्याच वेळात पुन्हा येतो.

ही वाक्ये बोलून झाल्यावर मनात दोन अंक मोजण्याइतके थांबावे. बोलणाऱ्याला हा थांबा फार लांब वाटतो. ऐकणाऱ्याला तो हवाच असतो. घाईने बोलले की इंग्रजी चांगली वाटते, हा आपला गैरसमज आहे.

आपला शब्द त्यांना समजावताना

प्रत्येक व्यापारात असे शब्द असतात की ज्यांना इंग्रजीत नेमका जोड नसतो. काहींना असतो : हळकुंडाला “फिंगर” आणि गड्ड्याला “बल्ब” हे शब्द हळदीच्या व्यापारात सर्वत्र चालतात. ते माहीत करून घ्यावेत. पण “पेव” ला काय म्हणायचे? सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची जुनी रीत आहे. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांचे नुकसान झाले. तरीही पेवाची गोष्ट ऐकून परदेशी पाहुण्यांचे कान टवकारतात. अशा वेळी आपला शब्द टाकून देऊ नये. तो उच्चारावा आणि पुढे खुलासा जोडावा.

“वी कॉल इट अ पेव. दॅट इज, ॲन अंडरग्राउंड स्टोरेज पिट.” आम्ही त्याला पेव म्हणतो, म्हणजे जमिनीखालील साठवणीचा खड्डा.

“इन अदर वर्ड्स...” दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर...

“लेट मी पुट इट अनदर वे.” हेच मी वेगळ्या तऱ्हेने सांगतो. बोलता बोलता शब्द आठवेनासा झाला, वाक्य मध्येच अडकले, तर हे वाक्य म्हणावे आणि सोप्या शब्दांत पुन्हा सुरुवात करावी. समोरच्याला वाटते की आपण त्याच्यासाठीच अधिक स्पष्ट करीत आहोत. आमच्या गृहस्थांना सर्व वाक्यांत हे वाक्य सर्वाधिक आवडले.

“आय डोन्ट नो द इंग्लिश वर्ड फॉर धिस, बट लेट मी शो यू.” याला इंग्रजी शब्द मला ठाऊक नाही, पण दाखवतो. असे म्हणून हळकुंड सरळ त्यांच्या हातात द्यावे. शब्द न येण्यात कमीपणा नाही.

आकडे सांगताना

हा भाग सावकाश वाचावा, कारण व्यापारात खरे नुकसान येथे होते.

पहिली गोष्ट लाख व कोटीची. भारतीय उपखंडाबाहेरील बहुतेक लोकांना हे शब्द कळत नाहीत. १ लाख म्हणजे “वन हन्ड्रेड थाउजंड”, १० लाख म्हणजे “वन मिलियन”, १ कोटी म्हणजे “टेन मिलियन”, १०० कोटी म्हणजे “वन बिलियन”. पडद्यावर आकडा दाखवताना स्वल्पविरामही बदलावा : आपला १,००,००० त्यांना १००,००० असा वाचायची सवय असते. बाजार समितीतला क्विंटल येथे सोडून द्यावा आणि मेट्रिक टनात बोलावे. १० क्विंटल म्हणजे १ मेट्रिक टन.

दुसरी गोष्ट “थर्टीन” आणि “थर्टी” ची. १३ व ३०, १४ व ४०, १५ व ५० या जोड्या कानाला सारख्या वाटतात. तेराचा उच्चार करताना शेवटच्या “टीन” वर जोर द्यावा, तिसाचा करताना सुरुवातीच्या “थर” वर. तरी शंका राहिली तर “थर्टीन, वन थ्री” असे अंक फोडून सांगावेत. परदेशी व्यापारीही असेच करतात. त्यात संकोच नसावा.

तिसरी गोष्ट “बाय” आणि “टू” ची. “द प्राइस वेंट अप बाय टेन रुपीज” म्हणजे भाव दहा रुपयांनी वाढला. “द प्राइस वेंट अप टू टेन रुपीज” म्हणजे भाव वाढून दहा रुपयांवर पोहोचला. दोन अक्षरांच्या चुकीने अर्थ पालटतो.

चौथी गोष्ट तारखेची. ४/५ हे आपल्या लेखी ४ मे, अमेरिकनाच्या लेखी ५ एप्रिल. मालाच्या रवानगीची तारीख सांगताना महिन्याचे नाव उच्चारावे आणि लिहावेही.

आकडे मांडताना उपयोगी वाक्ये अशी :

“ॲज यू कॅन सी फ्रॉम धिस चार्ट...” या तक्त्यावरून आपल्या लक्षात येईल की...

“आय वुड लाइक टू ड्रॉ युअर अटेन्शन टू धिस फिगर.” या आकड्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

“जस्ट अंडर फिफ्टी टन्स”, पन्नास टनांहून किंचित कमी. “जस्ट ओव्हर फिफ्टी टन्स”, किंचित अधिक. “रफली” किंवा “अबाउट”, अंदाजे. नेमका आकडा जवळ असेल तर अंदाजाचा शब्द वापरू नये आणि अंदाज असेल तर तो नेमका असल्याचे भासवू नये.

“सॉरी, लेट मी करेक्ट दॅट फिगर.” क्षमा करा, तो आकडा दुरुस्त करतो. चुकीचा आकडा तोंडून गेला तर लगेच हे म्हणावे. तो तसाच राहू दिला आणि नंतर कागदावर वेगळा निघाला तर आपल्या इतर खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

अभिमानाची गोष्ट सांगताना आकडा आणि वर्ष द्यावे, विशेषणे नकोत. “अवर टर्मरिक इज वर्ल्ड फेमस” या वाक्याने परका माणूस हलत नाही. “सांगली टर्मरिक रिसीव्ह्ड द जिऑग्राफिकल इंडिकेशन टॅग इन ट्वेन्टी एटीन”, म्हणजे सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाक्य तो वहीत टिपतो.

प्रश्नोत्तरे

भाषण पाठ करता येते, प्रश्न पाठ करता येत नाहीत. म्हणून माणूस येथे घाबरतो. प्रश्न नीट ऐकू आला नाही, अर्थ लागला नाही, तरी मान डोलावून “येस, येस” म्हणतो. आपल्याकडे “हो, हो” म्हणजे “ऐकतो आहे, पुढे बोला” एवढाच अर्थ असतो. परदेशी माणूस “येस” चा अर्थ मान्य आहे, असा घेतो. त्याच्या वहीत तो करार होतो. ऐकत असल्याची खूण द्यायची तर “आय सी” किंवा “आय अंडरस्टँड” म्हणावे आणि “येस” हा शब्द खऱ्या होकारासाठी राखून ठेवावा.

“कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?” प्रश्न कृपया पुन्हा सांगाल का?

“कुड यू प्लीज स्पीक अ लिटल मोअर स्लोली?” जरा सावकाश बोलाल का? हे विचारण्यात कोणताही अपमान नाही.

“इफ आय अंडरस्टँड यू करेक्टली, यू आर आस्किंग हाऊ वी कीप द लॉट्स सेपरेट.” मला बरोबर समजले असेल तर आपण असे विचारीत आहात की, आम्ही माल वेगवेगळा कसा ठेवतो. हे वाक्य सोन्यासारखे आहे. प्रश्न खरोखर समजला की नाही ते पडताळता येते, आणि उत्तर जुळवायला चार-सहा क्षणही मिळतात.

“आय डोन्ट हॅव दॅट फिगर विथ मी. आय विल सेंड इट टू यू बाय थर्सडे.” तो आकडा आता माझ्याजवळ नाही, गुरुवारपर्यंत पाठवतो. वार सांगावाच. “सून” किंवा “ॲट द अर्लिएस्ट” म्हटले तर ते टाळाटाळीसारखे वाटते. आणि “आय विल रिव्हर्ट” असे म्हणू नये. उत्तर देणे या अर्थी तो शब्द आपल्याकडे रुळला असला तरी इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा आहे. “आय विल गेट बॅक टू यू” म्हणावे.

“आय ॲम अफ्रेड वी कान्ट डू दॅट. व्हॉट वी कॅन डू इज...” क्षमा असावी, ते आम्हांला जमणार नाही, आम्हांला जमेल ते असे... येथील “अफ्रेड” चा भीतीशी संबंध नाही. नकार सौम्य करण्याची ती इंग्रजी रीत आहे.

नकार देण्याची भीती आपल्या व्यापारी मनात खोल बसलेली असते. गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून आपण “बघू, करू” म्हणतो. आपसांत ते चालते, कारण ऐकणाऱ्याला त्यातला “नाही” ऐकू येतो. परक्याला तो ऐकू येत नाही. तो “करू” एवढेच ऐकतो आणि माल वेळेवर गेला नाही की आपल्याला शब्द न पाळणारा ठरवतो. आपल्या आजोबांच्या काळी तोंडच्या शब्दावर हजारोंचे सौदे होत. ती पत इंग्रजीत बोलतानाही राखायची असेल तर “नाही” आणि “ठाऊक नाही” ही दोन उत्तरे इंग्रजीत नीट देता आली पाहिजेत. त्या दिवशी पुतण्याने “आय ॲम नॉट शुअर. माय अंकल विल आन्सर दॅट” एवढे म्हटले असते तरी पुरे होते.

दोघांनी मिळून बोलताना

पुतण्याचा यात दोष काढावा असे मात्र मला वाटत नाही. काकांना बोलता येत नाही अशी त्याची समजूत होती आणि काकांनी ती कधी खोडून काढली नव्हती. पुढच्या वेळी दोघांनी काम वाटून घेतले : मालाविषयी काका बोलणार, रवानगी व कागदपत्रांविषयी पुतण्या. त्यासाठी एक वाक्य लागते.

“आय विल नाऊ हँड ओव्हर टू माय पार्टनर, हू लुक्स आफ्टर शिपिंग.” आता पुढील भाग माझे भागीदार सांगतील, रवानगीचे काम ते पाहतात.

पुतण्याला “पार्टनर” म्हणायला काकांना प्रथम अवघड गेले. “तो माझ्या मांडीवर खेळलेला,” ते म्हणाले. पण सभेत घरचे नाते सांगण्याऐवजी कामाचे नाते सांगावे, म्हणजे पाहुण्याला कोणता प्रश्न कोणाला विचारायचा ते कळते. आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घातली. पुष्कळ देशांत वडीलधाऱ्यालाही पहिल्या नावाने हाक मारतात. त्यात अनादर नसतो. मनाला लावून घेऊ नये.

समारोप

“दॅट ब्रिंग्ज मी टू द एंड ऑफ माय प्रेझेंटेशन.” येथे माझे सादरीकरण संपते.

“टू सम अप...” थोडक्यात सांगायचे तर... यापुढे तीनच वाक्ये, आधीच्या तीन भागांचे सार म्हणून.

“मे आय सजेस्ट दॅट वी सेंड यू सॅम्पल्स ऑफ टू लॉट्स?” आम्ही आपल्याला दोन लॉटचे नमुने पाठवावेत का? शेवटी पुढचे पाऊल सुचवावे. नुसते आभार मानून खाली बसलो तर सभा गोड होते, पण सौदा जागचा हलत नाही.

“थँक यू फॉर लिसनिंग.” लक्षपूर्वक ऐकल्याबद्दल आभार.

अभ्यास कसा करावा

वाक्ये वहीत उतरवून घ्यावीत, परंतु सभेत वही वाचू नये. हाताच्या पंजाएवढ्या कार्डावर फक्त तीन भागांची नावे व महत्त्वाचे आकडे लिहावेत. रोज सकाळी पेढी उघडण्यापूर्वी पंधरा मिनिटे उभे राहून मोठ्याने बोलावे. बसून मनात म्हटलेले वाक्य उभे राहिल्यावर आठवत नाही. मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकावा. घरातील शाळकरी मुलांना समोर बसवून त्यांना प्रश्न विचारायला सांगावे. ती अडवणारे प्रश्न विचारतात आणि भीड ठेवत नाहीत.

आमच्या गृहस्थांनी तेच केले. त्यांची दहा वर्षांची नात रोज संध्याकाळी परदेशी पाहुणी होऊन बसे. सहा आठवड्यांनी एका दुसऱ्या कंपनीशी संगणकाच्या पडद्यावरून बैठक झाली. ते बारा मिनिटे बोलले. दोनदा अडले आणि दोन्ही वेळा “लेट मी पुट इट अनदर वे” म्हणून पुढे गेले. पोत्यातल्या चिठ्ठीची गोष्ट कोणी विचारण्याआधीच त्यांनी सांगितली व एक चिठ्ठी पडद्यासमोर धरली. कीटकनाशकांच्या अंशाविषयी प्रश्न आला, तेव्हा अहवाल जवळ नव्हता. त्यांनी गुरुवारचा वायदा केला आणि बुधवारी अहवाल पाठवला.

कंपनीने दोन लॉटचे नमुने मागवले आहेत. हा लेख लिहीपर्यंत सौदा झालेला नाही; होईल की नाही ते भाव, परीक्षणाचा निकाल आणि हंगाम यांवर ठरेल. परंतु बैठक संपल्यावर त्यांनी मला दूरध्वनी केला तेव्हा सौद्याविषयी ते बोललेच नाहीत. “सर,” ते म्हणाले, “आज त्यांनी जे विचारले त्याला मी उत्तर दिले.”

या महिन्याचा गृहपाठ : आपल्या मालाविषयी कोणीही विचारू शकेल असे पाच प्रश्न मराठीत लिहून काढावेत आणि प्रत्येकाचे उत्तर दोन-दोन सोप्या इंग्रजी वाक्यांत तयार करावे. त्यांतील एका तरी प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नसेल. त्यासाठी वर दिलेले “ठाऊक नाही” चे वाक्य वार घालून पाठ करावे. पुढील अंकात दूरध्वनीवर भावाची घासाघीस करताना लागणारी वाक्ये पाहू.